संमती, साक्ष आणि प्रमाणपत्र : संशोधन-नीतीच्या ऑनलाइन प्रशिक्षणाची पूर्वपीठिका

विद्यापीठीय व्यवहारातील काही शब्द वापरून वापरून गुळगुळीत झालेले असतात. ‘संशोधन-नीती’ हा त्यांपैकी एक. काही महिन्यांपूर्वी भाषा व साहित्य या विषयांत पीएच.डी. करणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी संशोधन-नीतीचे ऑनलाइन प्रशिक्षण तयार करण्याचे काम एका समितीने आमच्याकडे सोपवले. पहिल्या बैठकीत तीन प्रश्नांची चर्चा झाली. घटक किती असावेत, उत्तीर्ण होण्यासाठी किती टक्के गुण हवेत आणि प्रमाणपत्रावर सही कुणाची असावी? तिन्ही प्रश्न रास्तच होते. परंतु असे प्रशिक्षण मुळात का निर्माण झाले, हा प्रश्न कुणी विचारला नाही. त्या दिवशी तो आम्हांलाही सुचला नाही, हेही कबूल केले पाहिजे.

तो सुचला तो नंतर, नमुन्यादाखल परदेशी विद्यापीठांतील अभ्यासक्रम पाहत असताना. एका स्लाइडवर सनावळी होती : १९४७, १९६४, १९७४, १९७९. प्रत्येक सनापुढे एकेक ओळ आणि खाली ‘पुढे’ असे बटण. साहित्याच्या अभ्यासकाला सनावळीमागची माणसे शोधल्यावाचून राहवत नाही. त्या शोधातून जे हाती लागले ते येथे मांडत आहोत. आमच्या विषयाशी याचा संबंध काय, असे वाचकांना प्रारंभी वाटेल. तसे आम्हांलाही वाटले होते.

१

या इतिहासाचा आरंभ सामान्यतः न्यूरेंबर्गपासून सांगितला जातो. दुसऱ्या महायुद्धानंतर तेथे चाललेल्या वैद्यांच्या खटल्यात तेवीस आरोपी होते. छळछावण्यांतील कैद्यांवर प्रयोग केल्याचा मुख्य आरोप त्यांच्यावर होता. ऑगस्ट १९४७ मध्ये निकाल लागला. सोळा जण दोषी ठरले, त्यांतील सात जणांना फाशीची शिक्षा झाली. निकालपत्रातच मानवी प्रयोगांसंबंधीची दहा तत्त्वे नमूद करण्यात आली. तीच ‘न्यूरेंबर्ग संहिता’ होय. ज्याच्यावर प्रयोग करायचा त्याची स्वेच्छेने दिलेली संमती अनिवार्य आहे, हे तिचे पहिले तत्त्व.

मात्र या कथेला एक पूर्वकथा आहे आणि ती स्लाइडवर सहसा येत नाही. ज्या जर्मनीत हे अत्याचार घडले, त्याच जर्मनीच्या गृहमंत्रालयाने १९३१ मध्ये नव्या उपचारपद्धती आणि मानवी प्रयोग यांविषयी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या होत्या. संमतीची अट त्यांत स्पष्ट होती. म्हणजे नियम नव्हते म्हणून अनर्थ झाला, असे म्हणण्याची सोय इतिहासाने ठेवलेली नाही. नियम लिहिलेला होता, तो वाचता येणारी माणसे उच्चविद्याविभूषित होती, आणि तरीही जे व्हायचे ते झाले. कोणत्याही अनुपालन-प्रशिक्षणाच्या रचनाकाराने ही गोष्ट प्रथम लक्षात ठेवावी असे आम्हांला वाटते.

२

अमेरिकेतील अलाबामा राज्याच्या मेकन परगण्यात १९३२ मध्ये तेथील सार्वजनिक आरोग्य सेवेने एक अभ्यास सुरू केला. टस्कीगी हे तेथील गाव, आणि त्याच नावाने हा अभ्यास कुप्रसिद्ध झाला. सहाशे कृष्णवर्णीय पुरुष त्यात होते. त्यांपैकी ३९९ जणांना उपदंश झालेला होता, २०१ जणांना नव्हता. उपचार न केल्यास हा रोग शरीरात कसा वाढत जातो, हे पाहणे हा हेतू. त्या पुरुषांना मात्र सांगण्यात आले की तुमचे ‘रक्त वाईट’ आहे आणि आम्ही त्यावर उपचार करीत आहोत. ‘वाईट रक्त’ हा त्यांच्याच बोलीतला शब्दप्रयोग, अनेक दुखण्यांसाठी वापरला जाणारा. संशोधकांनी लोकांच्या भाषेतला शब्द उचलला आणि त्याच्याआड सत्य लपवले. पाठीच्या कण्यातून द्रव काढण्याची वेदनादायक तपासणीही ‘खास मोफत उपचार’ म्हणून पत्राद्वारे कळवण्यात आली.

मराठीत ‘उपचार’ या शब्दाला दोन अर्थ आहेत, एक औषधपाण्याचा आणि दुसरा केवळ रीत पाळण्याचा. मेकन परगण्यातील त्या माणसांच्या वाट्याला दुसऱ्या अर्थाचेच उपचार आले. तपासणीच्या दिवशी गरम जेवण, ये-जा करण्यासाठी मोटार, आणि शवविच्छेदनाला मान्यता दिल्यास अंत्यविधीचा खर्च. १९४७ च्या सुमारास पेनिसिलीन हा उपदंशावरील प्रमाण उपचार ठरला, तरी तो त्यांना देण्यात आला नाही. हे तेच वर्ष, जेव्हा न्यूरेंबर्गचा निकाल लागला. १९५८ मध्ये या पुरुषांना पंचवीस वर्षांच्या सहभागाबद्दल प्रमाणपत्रे देण्यात आली. त्यांवर देशाच्या सर्जन जनरलची सही होती, आणि सोबत दरवर्षाचा एक याप्रमाणे पंचवीस डॉलर. संशोधन-नीतीच्या इतिहासातील हे प्रमाणपत्र आम्हांला विसरता येत नाही.

हा अभ्यास गुप्त होता, असा एक समज आढळतो. तो खरा नाही. १९३६ पासून त्याचे निष्कर्ष वैद्यकीय नियतकालिकांत उघडपणे प्रसिद्ध होत होते. शेकडो डॉक्टरांच्या डोळ्यांखालून ते गेले असणार. आयर्विन शाट्झ या डेट्रॉइटमधील तरुण हृदयरोगतज्ज्ञाने असाच एक लेख वाचला आणि १९६५ मध्ये लेखकांना निषेधाचे पत्र लिहिले. रोगावर उपाय उपलब्ध असताना माणसांना तो न देता केवळ निरीक्षण कसे करता, असा त्याचा आशय होता. पत्राला उत्तर द्यायचे नाही असे ठरवून ते दप्तरी दाखल करण्यात आले. पुढे पीटर बक्स्टन या सार्वजनिक आरोग्य सेवेतीलच कर्मचाऱ्याने १९६६ पासून वरिष्ठांकडे हरकती नोंदवल्या. त्यांचाही उपयोग न झाल्याने त्यांनी ही माहिती पत्रकारांपर्यंत पोहोचवली, आणि जुलै १९७२ मध्ये जीन हेलर यांची बातमी प्रसिद्ध झाली तेव्हा चाळीस वर्षांचा हा अभ्यास थांबला.

आमच्यासारख्या वाचन शिकवणाऱ्यांना येथे थबकावे लागते. मजकूर छापलेला होता. त्यात शब्दांचा अर्थ न लागण्यासारखे काही नव्हते. तक्त्यातील आकडा म्हणजे एक माणूस आहे, असे वाचणारा वाचक तेवढा दुर्मीळ होता.

३

नियमांचे प्रशिक्षणात रूपांतर कसे झाले, हा या कथेचा पुढचा टप्पा. १९६६ मध्ये हार्वर्डचे भूलतज्ज्ञ हेन्री बीचर यांनी नामांकित संस्थांतील नीतिबाह्य संशोधनाची बावीस उदाहरणे एका लेखात मांडली. बीचर यांचा कल नियमांपेक्षा संशोधकाच्या सदसद्विवेकाकडे होता. जाणता, सहृदय आणि जबाबदार संशोधक हेच रुग्णाचे खरे संरक्षण, असे त्यांचे मत. टस्कीगीची बातमी आल्यानंतर केवळ सहृदयतेवर विसंबणे शक्य राहिले नाही. १९७४ मध्ये अमेरिकेत राष्ट्रीय संशोधन कायदा झाला, त्यातून एक आयोग नेमला गेला, आणि १९७९ मध्ये त्याचा ‘बेलमाँट अहवाल’ प्रसिद्ध झाला. व्यक्तीचा आदर, हितकारिता आणि न्याय ही त्यातील तीन तत्त्वे आज जगभरातील बहुतेक अभ्यासक्रमांत आढळतात.

तरीही पुढची वीस वर्षे या तत्त्वांचे रीतसर शिक्षण सर्व संशोधकांना सक्तीचे नव्हते. ती सक्ती दोन गोष्टींमुळे आली : एक शोक आणि दुसरे भय. सप्टेंबर १९९९ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील जनुकीय उपचारांच्या चाचणीत जेसी गेल्सिंगर हा अठरा वर्षांचा मुलगा मरण पावला. त्याच वर्षी ड्यूक विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रातील मानवी संशोधन केंद्र सरकारने काही दिवसांसाठी थांबवले होते. अनुदान बंद पडू शकते, हे विद्यापीठांना प्रथमच इतक्या ठळकपणे जाणवले. जून २००० मध्ये तेथील राष्ट्रीय आरोग्य संस्थेने घोषणा केली की १ ऑक्टोबर २००० पासून मानवी सहभाग असलेल्या प्रकल्पाला अनुदान हवे असेल, तर त्यातील प्रमुख संशोधकांनी नीतिविषयक शिक्षण घेतल्याचे कळवावे लागेल.

हजारो संशोधकांना काही महिन्यांत शिकवायचे कसे? याला उत्तर म्हणून ऑनलाइन प्रशिक्षण आले. मायामी विद्यापीठाचे पॉल ब्राउनश्वायगर आणि सिएटलच्या फ्रेड हचिन्सन कर्करोग संशोधन केंद्रातील कॅरेन हॅन्सन यांनी २००० साली ‘सिटी’ हा संयुक्त उपक्रम सुरू केला. निरनिराळ्या संस्थांतील जाणकारांनी घटक लिहायचे, प्रत्येक घटकाशेवटी बहुपर्यायी प्रश्न ठेवायचे, उत्तीर्णतेची मर्यादा ज्या त्या संस्थेने ठरवायची आणि ठरावीक वर्षांनी उजळणी घ्यायची, असा तो साचा. पुढे असंख्य संस्थांनी तो स्वीकारला. त्याला सरसकट नावे ठेवणे अन्यायाचे होईल. ज्या संशोधकाने टस्कीगीचे नावही ऐकले नव्हते, त्याच्या कानावर ते या साच्यामुळेच पडले. तरीही साच्याचा स्वभाव नजरेआड करता येत नाही. प्रशिक्षणाला जन्म शोकाने दिला, पण त्याची रचना भयाने केली. शिकणाऱ्याला काय उमगले यापेक्षा, त्याने ते पूर्ण केले याची नोंद दाखवता यावी, ही गरज त्यात प्रबळ राहिली.

या नव्या व्यवस्थेला वर्षही पुरे झाले नव्हते, तोच २ जून २००१ रोजी जॉन्स हॉपकिन्स येथे एलेन रोश ही चोवीस वर्षांची प्रयोगशाळा-तंत्रज्ञ मरण पावली. दम्याविषयीच्या एका अभ्यासात निरोगी स्वयंसेवक म्हणून तिने हेक्सामेथोनियम हे रसायन श्वासावाटे घेतले होते. या रसायनाने फुप्फुसांना इजा होऊ शकते, हे १९५० च्या दशकातील नियतकालिकांत छापलेले होते. संशोधकाने संगणकीय सूचीत शोध घेतला होता, परंतु ती सूची त्या वेळी १९६६ पर्यंतच मागे जात होती. त्याआधीचे लेख ग्रंथालयाच्या मांडणीवर होते. जुलैमध्ये सरकारने त्या संस्थेचे जवळजवळ सर्व अनुदानित मानवी संशोधन काही काळ स्थगित केले. जुने अंक धुंडाळण्याची सवय हा आपण साहित्याच्या अभ्यासकांचा किरकोळ छंद समजतो. तिच्या अभावी एक तरुण मुलगी गेली, हे आम्ही या शोधात प्रथमच वाचले.

४

आता आमच्या विषयाकडे येऊ. वैद्यकासाठी घडवलेले हे नियम हळूहळू समाजशास्त्रे आणि मौखिक इतिहासालाही लागू होऊ लागले, आणि त्यावरून अमेरिकेत बराच वाद झाला. वृद्ध गिरणी कामगाराच्या आठवणी टिपणाऱ्याला औषधचाचणीचे अर्ज का भरायला लावावेत, हा इतिहासकारांचा सवाल रास्त होता. अखेरीस जानेवारी २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आणि जानेवारी २०१९ पासून सर्वसाधारणपणे लागू झालेल्या सुधारित नियमात मौखिक इतिहास, चरित्र, पत्रकारिता, इतिहासलेखन यांना ‘संशोधन’ या व्याख्येतून वगळण्यात आले. या यादीत साहित्यसमीक्षेचेही नाव आहे.

ते वाचून आम्हांला प्रथम हायसे वाटले. नंतर अस्वस्थता आली. नियमातून सुटका म्हणजे जबाबदारीतून सुटका, असे त्या यादीत कोठेही म्हटलेले नाही.

भारतापुरते पाहिले तर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने १९८० मध्ये नीतिविषयक धोरण जाहीर केले होते. तरी १९७६ ते १९८८ या काळात दिल्लीत अकराशेहून अधिक स्त्रियांच्या गर्भाशयमुखातील कर्करोगपूर्व बदलांचा एक अभ्यास चालू होता. लेखी संमती घेतलेली नव्हती, आणि काही स्त्रियांचा आजार कर्करोगापर्यंत गेला. १९९७ मध्ये ही गोष्ट चव्हाट्यावर आली. परिषदेची विस्तृत मार्गदर्शक तत्त्वे २००० साली आली आणि २००६ व २०१७ मध्ये सुधारली गेली. महाराष्ट्राचा वाटाही येथे नोंदवला पाहिजे. वैद्यकीय नीतीला वाहिलेले नियतकालिक मुंबईत १९९३ पासून निघत आहे, आणि आरोग्यविषयक सामाजिक संशोधनासाठी नीतितत्त्वे तयार करण्याचा प्रयत्नही मुंबईतील ‘सेहत’ या संस्थेच्या पुढाकाराने २००० साली झाला.

मानव्यविद्यांपर्यंत हा विषय सक्तीने पोहोचला तो विद्यापीठ अनुदान आयोगामुळे. २०१८ मध्ये वाङ्मयचौर्याला आळा घालणारे विनियम आले. डिसेंबर २०१९ मध्ये ‘संशोधन आणि प्रकाशन नीती’ हा दोन श्रेयांकांचा, तीस तासांचा अभ्यासक्रम पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांसाठी अनिवार्य झाला. त्यात सहा घटक आहेत. तत्त्वज्ञान व नीती यांना तीन तास, वैज्ञानिक आचरणाला पाच, प्रकाशन-नीतीला सात, मुक्त प्रकाशनाला चार, प्रकाशनातील गैरवर्तनाला चार, आणि माहितीसाठे व संशोधनाचे मापदंड यांना सात. हे कोष्टक आम्ही बैठकीत वाचले, तेव्हा एका सहकाऱ्याने सहज विचारले, ‘यात माणूस कोठे आहे?’ चोरलेला मजकूर आहे, उद्धरणांची मोजदाद आहे. ज्याच्याकडून आपण काही ऐकतो, टिपतो, घेतो, त्याच्यासाठी मात्र स्वतंत्र घटक नाही.

५

हा प्रश्न आम्हांला का झोंबला, ते सांगितल्याशिवाय लेख पुरा होणार नाही. आमच्यापैकी एकीचा प्रबंध जात्यावरच्या ओव्यांवरचा आहे. २००८ च्या सुमारास तिने काही गावांतील स्त्रियांकडून ओव्या ध्वनिमुद्रित केल्या. प्रबंधात त्या स्त्रिया ‘निवेदक क्र. १’, ‘निवेदक क्र. २’ अशा आल्या, कारण क्रमांक देणे अधिक शास्त्रीय, असा तेव्हाचा समज होता. दोन वर्षांपूर्वी पदवीच्या वर्गातील एक मुलगी तिच्याकडे आली आणि म्हणाली, ‘मॅडम, आमच्या आजीच्या ओव्या तुमच्या प्रबंधात आहेत ना? ती नेहमी सांगायची, कॉलेजातल्या बाई टेप घेऊन आल्या होत्या म्हणून.’ आजी वारली होती. गावाच्या नावावरून शोधता ती निवेदक सात, आठ किंवा नऊ असावी, एवढेच कळले. क्रमांकांपुढे नावे लिहिलेली वही घर बदलताना हरवलेली. यांतली कोणती ओवी आजीची, हे नातीला सांगता आले नाही.

या प्रकारात कुठल्याही नियमाचा भंग झालेला नाही. वैद्यकीय नीतीच्या कसोटीवर तर नाव झाकणे हा सद्गुणच ठरतो, कारण तेथे नाव उघड झाल्यास रुग्णाचे नुकसान होते. लोकसाहित्यात मात्र नाव झाकले की कर्तृत्वच पुसले जाते. याउलट, सासूविषयी कडवट ओवी गाणाऱ्या सुनेला नाव छापलेले परवडेलच असेही नाही. तेव्हा एकच सरसकट उत्तर येथे चालत नाही. ‘नाव घालू की नको?’ असे त्या बाईलाच विचारावे लागते. हेमा राईरकर आणि गी पॉइटवां यांनी महाराष्ट्रातील हजाराहून अधिक गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. ‘पारी’ या संकेतस्थळाने २०१७ पासून त्या प्रसिद्ध केल्या, तेव्हा गाणारीचे नाव आणि गाव ओवीसोबत दिले. म्हणजे हे करता येण्यासारखे होते, आणि आपल्याच मुलखात होत होते. आमच्या विभागांतील कितीतरी प्रबंधांनी ते केले नाही.

म्हणून प्रशिक्षणाचा आराखडा पुन्हा लिहिताना आम्ही तीन गोष्टी सुचवल्या. आरंभ व्याख्येने न करता शाट्झ यांच्या पत्राने करावा. त्या पत्राची हकीकत सांगून, ते कार्यालयात तुमच्या टेबलावर आले असते तर तुम्ही काय उत्तर दिले असते, हे विद्यार्थ्याने स्वतःच्या शब्दांत लिहावे. दुसरी गोष्ट, संमतीपत्र निवेदकाच्या बोलीत लिहून घरातील वडीलधाऱ्या व्यक्तीला मोठ्याने वाचून दाखवावे आणि तिने काय काय विचारले ते नोंदवावे. तिसरी, नाव घालण्या-न घालण्याविषयी निवेदकाशी झालेले बोलणे प्रबंधाच्या परिशिष्टात असावे.

समितीची अडचण खरी होती. अशा उत्तरांना संगणक गुण देऊ शकत नाही, आणि शेकडो विद्यार्थ्यांची उत्तरे वाचायला माणसे कोठून आणायची? बऱ्याच चर्चेनंतर पहिल्या दोन गोष्टी मान्य झाल्या. त्या वाचण्याचे काम आम्हीच आपसांत वाटून घेतले आहे. तिसरी ऐच्छिक राहिली. बहुपर्यायी प्रश्न, टक्केवारी आणि प्रमाणपत्र आहे तसेच आहे.

मसुदा तपासून पाहण्यासाठी आम्ही तो काही विद्यार्थ्यांना दिला. त्या ओव्यांवाल्या आजीची नात त्यांत होती. ती आता एम.ए. करते आहे. तिने संमतीपत्र आपल्या आईला वाचून दाखवले. आईने शेवटपर्यंत ऐकून घेतले आणि एकच गोष्ट विचारली : ‘समदं झाल्यावर टेप कुणाकडं ऱ्हाणार?’ आमच्या संमतीपत्रात याचे उत्तर नव्हते. ध्वनिमुद्रणाची एक प्रत निवेदकाच्या घरी द्यावी, ही ओळ आम्ही त्याच दिवशी त्यात घातली.